सैन्य मागे घेतलं म्हणजे अतिरेक्यांपुढं झुकलं, असं असतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मुलगा, सोलापूरचाच, सीडीएसची (फौजेत अधिकारी व्हायची परीक्षा) लेखी निघालीय, आता एसएसबीची, म्हणजे पुढच्या मुलाखतींची तयारी करायलाय. तो लिहितो, "काका, आमच्या प्रॅक्टिस जीडीला, म्हणजे गटचर्चेला, विषय होता, युद्धातून सैन्य मागे घेणं म्हणजे अतिरेक्यांचं तुष्टीकरण. मी सोडून सगळे हो म्हणाले, प्रत्येकानं काबूलचं, म्हणजे अमेरिका २०२१ ला अफगाणिस्तानातून निघाली त्याचं उदाहरण दिलं. मला पटलं नाही पण उत्तरही देता आलं नाही. तुम्ही इन्फंट्रीत होता, श्रीलंकेतही होता असं कळलं. हो की नाही, एका शब्दात सांगा."

काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको. एका शब्दात हवं असेल तर, नाही. पण एसएसबीला एका शब्दात उत्तर देणारा पोरगा पहिल्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीत बसलेला असतो, त्यामुळं जरा सविस्तर वाच.

तुमच्या ग्रुपनं दोन प्रश्न एकात कालवलेत. मागे यायचा निर्णय बरोबर होता का, हा एक. आणि तो निर्णय अतिरेक्याला खूश करायला घेतला का, हा दुसरा. निर्णय चुकीचा असू शकतो, घाईचा असू शकतो, निव्वळ निवडणुकीसाठी घेतलेला असू शकतो, तरी ते तुष्टीकरण होत नाही. तुष्टीकरण म्हणायला माझ्या मते एवढं तरी दिसलं पाहिजे की समोरच्यानं काहीतरी मागितलं, नाही दिलं तर मारीन म्हणाला, आणि एरवी जे आपण दिलं नसतं ते आपण फक्त त्या धमकीमुळं दिलं, या आशेवर की आता तो गप्प बसेल. यातलं एखादं कलम नसेल तर दुसरा शब्द शोधायचा. आणि हे फौजेत कोणी शिकवलं नाही हां मला, तिथं आमचं काम "निघा" म्हटल्यावर नीट निघायचं. हे नंतर वाचून, जुन्या लोकांशी बोलून बनलेलं मत आहे.

आता २००४ साल घे, कारण त्या एका वर्षात दोन्ही प्रकार सापडतात आणि दोन्ही इराकचेच. ११ मार्चला माद्रिदला सकाळच्या लोकल गाड्यांत बॉम्ब फुटले, १९० च्या वर माणसं गेली. तीन दिवसांनी निवडणूक होती, सरकार पडलं, झापातेरो पंतप्रधान झाले आणि त्यांनी एप्रिलमध्ये इराकमधली स्पेनची फौज परत बोलावली, साधारण १३०० जवान. जगभर बोंब झाली की स्पेन घाबरला. पण फौज परत आणायचं वचन त्यांनी बॉम्बच्या आधीच दिलेलं होतं, स्पेनची जनता पहिल्यापासून त्या युद्धाच्या विरोधात होती, २००३ लाच तिथं लाखालाखाचे मोर्चे निघाले होते. वर जुन्या सरकारनं स्फोट झाल्याझाल्या बास्क फुटीरांच्या ईटा संघटनेवर बोट दाखवलं आणि मग हे इस्लामी अतिरेक्यांचं काम आहे हे खरं बाहेर यायला लागलं तसा लोकांचा राग उलटा सरकारवरच फिरला. आणि मुख्य म्हणजे त्याच स्पेननं अफगाणिस्तानातली फौज काढली नाही, वाढवली. घाबरलेला माणूस असं करत नाही.

बॉम्बवाले तरी खूश झाले का? २ एप्रिलला, म्हणजे निवडणुकीचा निकाल लागून फौज येणार हे जगाला माहीत झाल्यावर, माद्रिद-सेव्हिया फास्ट ट्रेनच्या रुळाखाली बॉम्ब सापडला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी लेगानेसला एका फ्लॅटमध्ये टोळीला घेरलं तेव्हा त्यांनी स्वतःला उडवून घेतलं, एक पोलीस गेला. नंतर खटला चालला, २००७ ला २१ जण दोषी ठरले. म्हणजे फौज इराकमधून आली पण टोळीच्या मागं लागणं एक दिवसही थांबलं नाही. आणि ब्रिटननं इराकमधली फौज काढली नव्हती, तरी ७ जुलै २००५ ला लंडनच्या मेट्रोत आणि बसमध्ये ५२ माणसं मेलीच. तेव्हा "मागे आलं की हल्ले वाढतात" आणि "मागे आलं की हल्ले थांबतात" ही दोन्ही वाक्यं जीडीला टाळ, दोन्हीला लगेच उलटं उदाहरण मिळतं.

दुसरा प्रकार त्याच वर्षी जुलैचा. इराकमध्ये एका फिलिपिनो ट्रक ड्रायव्हरला पळवलं, फिलिपिन्सनं फौज काढली नाही तर मुंडकं उडवू म्हणाले. फौज किती तर पन्नासच्या आसपास माणसं, ती पण ऑगस्टमध्ये परत यायचीच होती. सरकारनं ती महिनाभर आधी काढली. २० जुलैला ड्रायव्हर सुटला. २१ जुलैला दुसऱ्या टोळीनं कुवेतच्या एका कंपनीचे सात ड्रायव्हर उचलले, त्यात तीन आपले भारतीय होते, बाकी केनियाचे आणि एक इजिप्तचा. आता एका दिवसात एकामुळं दुसरं झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही, असल्या टोळ्या तेव्हा तिथं ढिगानं होत्या. पण बाजारभाव कळतो सगळ्यांना. आपली तर इराकमध्ये फौजच नव्हती, २००३ च्या जुलैमध्ये आपण अमेरिकेला नाही म्हणून सांगितलेलं, तरी आपली पोरं १ सप्टेंबरपर्यंत अडकून पडली.

आता फरक बघ. स्पेनची माघार मोठी, फिलिपिन्सची नावापुरती. तरी माझ्या मते झुकणं फिलिपिन्सचं होतं, स्पेनचं नाही. पन्नास माणसं महिनाभर आधी गेल्यानं युद्धात काहीच फरक पडणार नव्हता, पण ती कशाच्या बदल्यात गेली ते सगळ्या जगानं टीव्हीवर बघितलं. त्यांच्या राष्ट्राध्यक्षांना मी शिव्या नाही देणार, लाखो फिलिपिनो आखातात पोटासाठी राबतात, आपल्याकडचीही कितीतरी घरं तिकडच्या पगारावर चालतात, उद्या त्या जागी आपल्या गल्लीतला पोरगा असता तर आपणच कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला असता. पण व्यवहार म्हणून तो झुकण्याचाच होता.

इथं तुझ्या ग्रुपमधला हुशार पोरगा म्हणेल, मग बैरूत आणि सोमालियाचं काय? म्हणू दे, मुद्दा खराच आहे. २३ ऑक्टोबर १९८३ ला लेबनॉनच्या बैरूतमध्ये ट्रकबॉम्बनं २४१ अमेरिकन मारले, त्याच सकाळी ५८ फ्रेंच पॅराट्रूपर गेले, आणि पुढच्या फेब्रुवारीत रीगननं मरीन बाहेर काढायचा हुकूम दिला. १९९३ च्या ऑक्टोबरला सोमालियाच्या मोगादिशूत १८ अमेरिकन गेले, मार्च १९९४ पर्यंत अमेरिका बाहेर. लादेननं १९९६ च्या जाहीरनाम्यात हीच उदाहरणं देऊन लिहिलं की अमेरिकन मार खाल्ला की पळतात. तेव्हा फटका बसल्याबसल्या निघालं तर त्याची किंमत असते, ती नाकारू नको, परीक्षकाला लगेच कळतं कोण लपवायलाय.

पण मग पुढचंही सांग. त्याच लादेननं ऑक्टोबर २००४ च्या व्हिडिओत सांगितलं की आम्ही अमेरिकेला रक्तस्राव करत करत दिवाळखोरीपर्यंत नेणार, जसं रशियाला अफगाणिस्तानात नेलं तसं. म्हणजे अमेरिका गेली तरी त्याचा विजय, अमेरिका राहिली तरी त्याचा विजय. जो माणूस दोन्हीकडून फटाके वाजवणार त्याच्या फटाक्यांवरून आपण कुठं पोस्ट ठेवायची ते ठरवायचं का? मी तरी नाही ठरवणार.

"एवढी माणसं गेली, आता कसं सोडायचं" हे वाक्य मात्र फौजेतही फार ऐकलंय आणि त्याच्यापासून जपून राहा. आपल्याकडं बोअर मारताना बघितलं असशील, चारशे फुटाला नुसता फुफाटा, मालक म्हणतो एवढा खर्च झालाय आता अजून शंभर मारा, मग अजून शंभर. खाली पाणी आहे का हा प्रश्न बाजूलाच राहतो. तुला जवळचं बघायचं असेल तर एखाद्या रविवारी मंगळवेढ्याकडं माचणूरला जा, सिद्धेश्वराचं देऊळ आहे, शेजारी भीमेकाठी किल्ला आहे. तिथं ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती, हिंदुस्थानचा बादशहा चार वर्षं आपल्या सोलापूर जिल्ह्यात तंबू ठोकून बसला होता. १६८१ ला दख्खनेत उतरला तो १७०७ ला मरेपर्यंत दिल्लीला परत गेलाच नाही. मराठ्यांपुढं मागे हटलो असं दिसू नये हा हट्ट, आणि त्या हट्टात खजिना गेला आणि त्याच्यामागं राज्य खिळखिळं झालं. न झुकणं म्हणून ठीक आहे, पण हिशोब काय लागला ते इतिहासाच्या पुस्तकात आहे.

आता श्रीलंका. तू विचारलंस म्हणून. आम्ही गेलो २९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर. शांतिसेना म्हणून गेलो आणि ऑक्टोबरपासून एलटीटीईशीच, म्हणजे वेगळं तमिळ राज्य मागणाऱ्या 'तमिळ वाघां'शीच, लढाई सुरू झाली, ज्यांना वाचवायला आलो म्हणत होतो त्यांच्याच गल्ल्यांत. बाराशेच्या आसपास जवान गेले आपले. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून जहाजानं निघाली. तेव्हाही हेच बोलणं झालं, वाघांपुढं भारत हटला. आणि मद्रासला उतरल्यावर तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत, ते आमच्या पिढीच्या फौजींना अजून टोचतं.

पण आम्हाला जा म्हणालं कोण? कोलंबोचं सरकार. तिथले राष्ट्राध्यक्ष प्रेमदास यांनी १९८९ च्या जूनमध्ये जाहीर सांगितलं की २९ जुलैच्या आत भारतीय फौज गेली पाहिजे. ज्या देशात आपण त्या देशाच्या सहीनं आलो, तोच नको म्हणाला तर राहायचं कशाच्या जोरावर? दिल्लीत डिसेंबरला सरकार बदललं आणि उरलेलं काम संपवलं. याला मी तुष्टीकरण म्हणत नाही. तुष्टीकरण बघायचं असेल तर प्रेमदासांकडं बघ. आम्हाला घालवायचं म्हणून त्यांनी एलटीटीईला आतून हत्यारं दिली, आमच्याविरुद्ध वापरायला. आम्ही गेल्यावर तीन महिन्यांत, जून १९९० ला, एलटीटीईनं प्रेमदासांच्याच पोलिसांना, ते शरण आल्यावर, शेकड्यांनी मारलं आणि युद्ध परत पेटलं. १ मे १९९३ ला कोलंबोत मे दिनाच्या मिरवणुकीत प्रेमदासांना आत्मघातकी बॉम्बरनं उडवलं, एलटीटीईच्याच.

आणि २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूर, एलटीटीईनं राजीव गांधींना बॉम्बनं मारलं. आपण मागे आलो म्हणून एलटीटीई आपल्यावर खूश झाली नव्हती, राजीव गांधी परत सत्तेवर आले तर फौज परत येईल ही भीती आणि शांतिसेनेचा राग, दोन्ही होतं त्यामागं. माघारीनं शांतता विकत मिळत नाही, हे तुझ्या ग्रुपचं म्हणणं मला मान्य आहे. पण आपण ती विकत घ्यायला मागे आलोच नव्हतो. पुढं मे १९९२ ला आपण एलटीटीईवर बंदी घातली. फौज परत आली पण संघटनेला सूट मिळाली नाही, आणि मी माघार तपासतो ती याच्यावर, की निघाल्यावर तुम्ही काय काय करायचं थांबवलंत.

जे मला खरंच खुपतं ते दुसरंच आहे. निघायच्या आधीच्या काही महिन्यांत उत्तर-पूर्वेच्या प्रांतिक सरकारसाठी तमिळ नॅशनल आर्मी म्हणून एक फौज उभी केली गेली. त्यातली कितीतरी पोरं जबरदस्तीनं उचललेली, मिसरूड न फुटलेली. त्यांना रायफल धरायला, साफ करायला, थोडंफार फायरिंग करायला शिकवलं. आमच्या पोस्टजवळ यायची त्यातली काही, मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकच विचारायची, तुम्ही कधी जाणार. आम्ही म्हणायचो ऑर्डर नाही. पण त्याच सुमारास नाक्यावरच्या दुकानदारानं आमच्या पोरांची उधारी बंद केली. आधी वहीत मांडून ठेवायचा, बिड्या, साबण, ब्लेड, महिन्याला हिशोब. एक दिवस म्हणाला आता रोख. आम्हाला तारीख कळायच्या आधी त्याला कळली होती, किंवा त्यानं अंदाज बांधला होता. तो शहाणा. ती पोरं काय करणार होती? आम्ही एकेक जिल्हा सोडला तशी एलटीटीई आत आली, ती सेना काही दिवसांत कोसळली, हत्यारं वाघांच्या हातात गेली, त्या प्रांताचे मुख्यमंत्री वरदराजा पेरुमाल भारतात आले. पोरांना कोण नेणार?

म्हणून मी म्हणतो, जाणं हा गुन्हा नाही, पण आपल्या भरवशावर जे उभे राहिले त्यांची सोय न करता जाणं यावर बोलायला कोणी तयार नसतं, सगळे अतिरेकी खूश झाला का एवढ्यावरच भांडत बसतात.

काबूलवर आता सोपं जाईल तुला. दोन भाग कर. अमेरिकेनं वीस वर्षांनी निघायचं ठरवलं, हा त्यांचा हक्क, ते तुष्टीकरण नाही. पण २९ फेब्रुवारी २०२० चा दोहा करार वाच. तालिबानशी सही झाली, आणि ज्या अफगाण सरकारसाठी लढत होते ते सरकार त्या कागदावर नाहीच. वर त्या सरकारच्या तुरुंगातले ५००० पर्यंत तालिबानी सोडायचं अमेरिकेनंच कबूल केलं. बदल्यात काय, तर आमच्या जमिनीवरून तुमच्यावर हल्ला होणार नाही असं वचन. ३१ जुलै २०२२ ला लादेननंतरचा अल कायदाचा म्होरक्या जवाहिरी कुठं सापडला? काबूलच्या मधोमध, घराच्या बाल्कनीत. तिथंच ड्रोननं मारला. या एका घटनेत दोन्ही गोष्टी आहेत, वचनाची किंमत काय होती ती पण आणि फौज नसतानाही मारता येतं हे पण. तर माझं मत, माघार तुष्टीकरण नव्हती, तो कागद मात्र त्याच्या फार जवळ जातो.

आणि पद्धत. तुला शिकवतीलच पुढं, अॅडव्हान्स, अटॅक, डिफेन्स आणि विथड्रॉवल, चारही ऑपरेशन्सच आहेत, आणि जुने लोक चौथ्याला सगळ्यात अवघड म्हणतात. माणसं हळूहळू पातळ करायची, पण मागे राहिलेल्यांनी लंगरचा धूर, संत्रीची बदली, रात्रीचा उजेड, सगळं रोजच्यासारखं चालू ठेवायचं, रोड ओपनिंग पार्टी (रस्ता तपासून मोकळा करणारी तुकडी) त्याच वेळेला निघाली पाहिजे, जेणेकरून बघणाऱ्याला गर्दी कमी झाली हे कळू नये. ज्याला पोस्ट द्यायची त्याला बरोबर घेऊन एकेक मोर्चा, एकेक पेटी मोजून द्यायची, सह्या घ्यायच्या. आणि अमेरिकेनं काबूलजवळच्या बग्राम विमानतळावर काय केलं, २०२१ च्या जुलैच्या सुरुवातीला रात्री वीज बंद करून निघून गेले, तिथल्या नव्या अफगाण कमांडरला नंतर पत्ता लागला, तोवर लुटारू आत शिरलेले. अफगाण विमानांची देखभाल करणारे ठेकेदारही गेले, मग विमानं उडणार कशी. १५ ऑगस्टला काबूल पडलं तेव्हा शेवटचा अमेरिकन निघायला दोन आठवडे बाकी होते. याच्या उलट रशिया. १५ फेब्रुवारी १९८९ ला जनरल ग्रोमोव्ह अफगाण सीमेवरचा पूल ओलांडून गेले, सगळे म्हणाले रशियाच्या बाजूचा अफगाण अध्यक्ष नजीबुल्ला महिनाभरात जाईल. पण रशियानं फौज नेली, धान्य, तेल, दारूगोळा चालू ठेवला. जलालाबादला मुजाहिदीननी, म्हणजे त्याच्या विरोधातल्या बंडखोरांनी, जोर लावला तरी ते पडलं नाही. नजीबुल्लाचं सरकार १९९२ च्या एप्रिलपर्यंत टिकलं, म्हणजे सोव्हिएत युनियन मोडून रसद बंद होईपर्यंत.

एक पथ्य सांगतो. हे सगळं परक्या भूमीवरच्या युद्धाबद्दल आहे. स्वतःच्या मुलखातून, काश्मीरमधून वगैरे, फौज कमी करणं हा वेगळा विषय, तिथं मागे यायला मागे जागाच नसते, तिथं प्रश्न एवढाच की फौजेचं काम पोलिसांकडं कधी द्यायचं आणि पोलीस तयार आहेत का. जीडीत कोणी दोन्ही एकत्र केलं तर शांतपणे वेगळं करून दाखव, तेवढ्यानं पण मार्क मिळतात.

तर जीडीला काबूलनं सुरू करू नको, सगळे तेच करणार. स्पेन आणि फिलिपिन्स एकामागं एक ठेव, मग श्रीलंका, कारण ती आपली आहे आणि हल्लीच्या पोरांना माहीत नसते. तुझ्यावर कोणीतरी कंदहार, म्हणजे आपलं विमान पळवून तिथं नेलं ते प्रकरण, फेकणार हे नक्की. तेव्हा टाळू नको, सरळ म्हण की हो, ३१ डिसेंबर १९९९ ला आपण मसूद अझहरसकट तिघांना सोडलं ते अतिरेक्यांची मागणी मान्य करणंच होतं, पुढच्याच वर्षी त्या मसूद अझहरची जैश-ए-मोहम्मद संघटना उभी राहिली आणि २०१९ च्या पुलवामापर्यंत आपण त्याचं भोगलं. विमानात दीडशेच्या वर माणसं होती, मी निर्णय घेणारा असतो तर काय केलं असतं ते मला विचारू नको. पण बघ, त्या सगळ्या प्रकरणात सैन्य कुठून मागे घेतलं होतं? कुठूनच नाही. हे म्हणून गप्प बस, आणि पुढच्याला बोलू दे, मधे तोंड घालणारी पोरं तिथं आवडत नाहीत.